मास्तरांनी सोडलेली चूक

रत्नागिरीत भूगोल शिकवणारे मास्तर पुष्कळ झाले, पण भास्कर जोगळेकर मास्तरांसारखा चुकांच्या मागे हात धुऊन लागणारा दुसरा झाला नाही. त्यातून त्यांचा खरा दात होता डिटेक्टिव कादंबऱ्यांवर. तेहतीस-चौतीस सालच्या सुमारास अशा कादंबऱ्यांचं नुसतं पीक आलं होतं. वाचनालयात नवी प्रत आली की लोकांच्या उड्या पडायच्या, आणि त्यांत मास्तर सगळ्यांच्या पुढे. खून कुणी केला याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. त्यांना हवी असायची चूक.

ती मिळायचीही. एका पुस्तकात गुप्तहेर भर श्रावणात आगबोटीने रत्नागिरीला उतरला. पावसाळ्यात आगबोटी बंद असतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! दुसऱ्यात खुनी आगबोटीवरून थेट धक्क्यावर उडी मारून पसार झाला. "आगबोट उभी राहते लांब खोल पाण्यात, माणसं येतात पडावात बसून," मास्तर कडाडले. "हा काय मारुती लागून गेला उडी मारायला?" आणि मास्तर राहायचे त्या मांडवीच्या समुद्रातून पौर्णिमेचा चंद्र तर हटकून उगवायचा. "समुद्र पश्चिमेला नि लेखक पुण्याला!" एवढं बोलून मास्तर तपकिरीची चिमूट ओढायचे.

हे सगळं ऐकून घ्यायचं काम त्यांच्या बायकोचं, दमयंतीबाईंचं. मास्तर शाळेतून आले की पडवीत बसून मोठ्याने वाचायचे आणि त्या तांदूळ निवडत ऐकायच्या. मूलबाळ नव्हतं, घरात करमणूक ती एवढीच. सुरा गळ्यापाशी आला की नेमके मास्तर थांबत आणि म्हणत, "चूक!" दमयंतीबाई कावायच्या. "अहो, त्या मेल्याला मरू द्या तरी एकदाचा, मग काढा चूक." पण मनातून अभिमानच होता. शेजारच्या मथुराकाकूंना त्या सांगायच्या, "आमच्या ह्यांच्या तोंडून खोटं म्हणून जायचं नाही हो."

मग एका माघात दमयंतीबाईंना खोकला धरला तो हटेना. चैत्रात रक्त पडलं. डॉक्टरांनी मास्तरांना अंगणाच्या दगडी गडग्यापाशी नेऊन हळूच सांगितलं, क्षय दोन्ही फुप्फुसांत पसरलाय, पावसाळा काढतील असं दिसत नाही. मास्तर आत आले.

"काय म्हणाले?"

"अशक्तपणा आहे म्हणाले."

लग्नानंतर पहिल्यांदाच ते बायकोशी खोटं बोलले, आणि तेही त्यांना धड जमलं नाही. खुंटीवरची टोपी त्यांनी उगाच काढली आणि पुन्हा तिथेच अडकवली.

वाचन मात्र चालू राहिलं. दमयंतीबाईंची खाट पडवीत आली, मास्तर उशाशी बसू लागले. एका संध्याकाळी नवी कादंबरी निघाली. तिच्यातल्या नायिकेला क्षय होता, मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि गुप्तहेर तिला हवापालटाला रत्नागिरीच्या समुद्रकाठी घेऊन आला होता. मास्तरांची नजर दोन ओळी पुढे धावली. पुढे काय येतंय ते त्यांनी पाहिलं. पान गाळावं म्हटलं तर दमयंतीबाईंना तुटलेला धागा लगेच कळला असता. त्यांनी वाचलं. समुद्राच्या हवेने तीन आठवड्यांत नायिकेचा क्षय समूळ गेला, गालांवर गुलाब फुलले आणि ती वाळूतून खुन्याच्या मागे धावत सुटली.

दमयंतीबाई वाट बघत होत्या. मास्तरांनी पान उलटलं.

"थांबला नाहीत?"

"कुठे थांबायला हवं होतं?"

"वेड पांघरू नका. मी लग्न होऊन आले ती ह्याच मांडवीत. तेव्हापासून हीच हवा खातेय, तरी रक्त पडलंच की." त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत मास्तर पुस्तक घट्ट धरून बसले. "श्रावणातली आगबोट कधी सोडली नाहीत तुम्ही, आणि एवढी मोठी चूक सोडलीत. डॉक्टर क्षयाचंच काही बोलले ना?"

मास्तरांनी नुसती मान खाली घातली.

दमयंतीबाईंना भीती वाटली, फार वाटली. खाटेची कड त्यांनी मुठीत आवळून धरली होती. मग त्या म्हणाल्या, "तुम्हीच खोटं वाचून दाखवायला लागलात तर मी ऐकू कुणाचं? राहिलंय तेवढं नीट वाचा बरीक."

मास्तरांनी पान मागे उलटलं. अक्षरं पुसट दिसत होती. समुद्राच्या हवेचं ते वाक्य त्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाचलं आणि शेवटी त्याच्यावर बोट ठेवलं.

"चूक," ते म्हणाले. आवाज जेमतेम खाटेपर्यंत पोचला.

"हं," दमयंतीबाई म्हणाल्या. "आता वाचा पुढे."