काचेतली विषण्ण मुलगी

कोपऱ्यावरचा फोटोग्राफर कामाला चोख होता. काचेच्या कपाटात त्याने नमुन्याचे मोठे फोटो लावले होते आणि प्रत्येकाखाली एकेक भाव लिहिला होता: प्रसन्न, करारी, लाजरी. गिऱ्हाईक त्यातून निवड करी. एका ढेरपोट्या दुकानदाराने ‘करारी’ मागितला, तेव्हा हा म्हणाला, "आधी श्वास आत घ्या शेठ, करारीपणाचं मी बघतो."

उदास चेहऱ्याचा नमुना मात्र नव्हता. "सांगून कोणी उदास होत नाही हो. नाटकी दिसतं," असं त्याचं म्हणणं.

मग त्याची मुलगी चार दिवसांसाठी सासरहून आली आणि राहिलीच. दुपारी ती स्टुडिओच्या खिडकीशी गालावर हात टेकून बसे. एकदा उजेड इतका सुरेख पडला की त्याने गुपचूप फोटो घेतला आणि मोठा करून काचेत लावला. खाली काय लिहावं? ‘उदास’ उथळ वाटलं, ‘दुःखी’ रडकं. शेवटी लिहिलं, ‘विषण्ण’.

शेजारच्या घड्याळजीला त्याने अर्थही समजावला. "मन खचलेलं असतं, पण माणूस रडत नाही. आतल्या आत विचार करत राहतो. कुणापाशी बोलत नाही."

"पोरीचाच फोटो ना हा?"

"हो. रविवारी जावई न्यायला येतोय तिला."

"आणि कसला विचार करते, ते विचारलंस?"

फोटोग्राफर टेबलावरचे फोटो सारखे करू लागला.

"कमाल आहे लेका तुझी! शब्द शोधत बसलास!"

त्याचे कान तापले. काचेतला फोटो उतरवायला तो उठला, तर मुलगी बाहेर काचेपाशी उभी होती. ती आत आली.

"मला वाटायचं बाबा, तुमच्या लक्षातच आलं नाही."

‘नाही आलं’ म्हणून सुटता आलं असतं. पण खाली त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं.

"आलं होतं," तो पुटपुटला. "पण उजेड चांगला होता गं." बोलला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

घड्याळजी आपल्या दुकानात निघून गेला.

"परत जायचंय तुला?"

"नाही."

वर बघायची त्याची छाती होईना. तिच्या चपलांकडे बघतच तो म्हणाला, "जावयांना फोन करतो. येऊ नका म्हणतो."

"करा. पण बाबा, आधी तो फोटो काचेतून काढा. लोक थांबून बघतात."