स्वेटरवरचा पट्टा

सभा दहाची होती, पण नॅथन भिंगारदिवे साडेआठलाच नगरच्या त्या सभागृहात येऊन बसले. बसले, उठले, खिडकीपर्यंत जाऊन आले, पुन्हा बसले. खिशातली घडी घातलेली यादी त्यांनी तिसऱ्यांदा चाचपली.

“खुर्चीला काटे आहेत का?” कृपाबाई, त्यांची बायको, म्हणाल्या. “सांगायचं असेल तर सांगा, नाहीतर गप सत्कार घ्या. आठ दिवस माझा दंड पिळताय, तेवढं पुरे झालं.”

सत्कार नॅथन यांचाच होता. ग्रामीण रक्तदाब संशोधन मंडळात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. एवढ्या काळात अध्यक्ष चार झाले, सचिव सहा. वाड्यावस्त्यांवर फिरून रक्तदाब मोजणारा माणूस मात्र तोच राहिला. सुप्याच्या कारखान्यांतले कामगार पाळी सुटताना गाठायचे, अकोले तालुक्यातल्या डोंगरातली माणसं जीप मिळेल तेव्हा. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधतात म्हणून लोक त्यांना ‘पट्टेवाले’च म्हणत.

गेल्या पौषात ते भंडारदऱ्याच्या वरच्या वाड्यांवर गेले होते. थंडी मी म्हणत होती. पुरुष बाही सारून दंड पुढे करत. बायका मात्र लुगड्यावर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा जाड स्वेटर चढवून बसलेल्या, आणि दारात सासरे, दीर उभे. दंड उघडा करा म्हटलं की मान खाली जाई. पट्टा उघड्या दंडावरच बांधायचा, हा नियम नॅथनना पाठ होता. पण त्या खाली गेलेल्या माना त्यांना बघवेनात. त्यांनी एकीला स्वेटरवरच पट्टा बांधला, मग सगळ्यांनाच. एकशे चौऱ्याऐंशी बायका. वहीत ते लिहायचं राहून गेलं. खरं तर राहून गेलं नव्हतं. त्यांनी लिहिलं नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी नव्या सचिव डॉ. ज्ञानेश्वरी वाकचौरे यांनी त्यांना सभेत वाचायच्या निबंधातला तक्ता दाखवला. डोंगरातल्या बायकांचा रक्तदाब पुरुषांपेक्षा बराच जास्त. “काका, ही सगळी तुमची पायपीट!” बाई खुशीत म्हणाल्या आणि नॅथनना ते स्वेटर आठवले. घरी येऊन त्यांनी कृपाबाईंना भर चैत्रात स्वेटर घालायला लावला. स्वेटरवर एकशे शेहेचाळीस, उघड्या दंडावर एकशे बत्तीस. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही.

आकड्यांचं एक वेळ सोसलं असतं. पण त्या बायकांतल्या बावीस जणींना त्यांनी दवाखान्याची चिठ्ठी दिली होती, आणि बावीस जणींना गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्यांतल्या छबूबाईला, “मावशी, गोळी चुकवू नका,” असं त्यांनीच बजावलं होतं. छबूबाई चक्कर येऊन विहिरीवर पडल्याचं मागच्या महिन्यात जीपवाल्याने सांगितलं. तेव्हा त्यांना ते वयाचं वाटलं होतं. आता ते गोळीचं वाटत होतं.

अध्यक्ष डॉ. हनुमंत गाडेकर ज्ञानेश्वरीबाईंबरोबर आत आले, तसे नॅथन आडवे गेले आणि एका दमात सगळं बोलून मोकळे झाले.

“आत्ता?” अध्यक्ष म्हणाले. “भिंगारदिवे, पाहुणे गाडीतून उतरतायत! दोन-चार आकड्यांचा फरक—”

“चौदाचा, साहेब. घरी मोजलाय.”

“मीच ती स्वेटरवाली,” मागून कृपाबाई म्हणाल्या.

ज्ञानेश्वरीबाईंचा चेहरा उतरला. सचिव म्हणून त्यांचा हा पहिलाच निबंध. त्यांनी हातातल्या कागदांतून तो तक्ता बाजूला काढला. मग म्हणाल्या, “सर, बायकांचे आकडे मी आज वाचणार नाही. का, तेही सांगेन. काका, त्या बायकांची यादी आहे?”

नॅथननी खिशात हात घातला. मग सत्कारात शाल देताना पाहुणे काय बोलले ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

चौथ्या दिवशी मंडळाची गाडी डोंगर चढली. या वेळी बरोबर स्टेला सिस्टर होत्या. वाड्यांवर बाईमाणूस पाठवायचं एकतीस वर्षांत मंडळात कुणाला सुचलं नव्हतं, नॅथननाही नाही. छबूबाईच्या घरात सिस्टरांनी दार लोटून घेतलं. नॅथन अंगणात येरझारा घालत राहिले. आतून छबूबाईचा आवाज येत होता.

“गोळ्या? त्या म्या महिन्यापासून सोडल्यात. खाल्ली की घर फिरायचं. पट्टेवाल्याला सांगू नको हां, बाई, लई वाईट वाटंल त्याला.”

मग पंप दाबल्याचा आवाज. हवा सुटल्याचा. पुन्हा पंप.

“एकशे चोवीस,” सिस्टरांनी दार उघडून सांगितलं. “दोनदा बघितलं. पुढचं डॉक्टरबाई ठरवतील.”

नॅथन उंबऱ्याशी आले. “मावशी, चूक माझी होती. पट्टा स्वेटरवर बांधला मी.”

छबूबाईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “म्हंजी मला न्हाई, माझ्या स्वेटरला बीपी हुतं व्हय!” ती हसली, आणि एकदम हसायची थांबली. “आरं पट्टेवाल्या, पन माझी जाऊ? ती तर रोज गोळी गिळती. तुझ्या शब्दावर. कालधरनं निजूनच हाय ती.”

“कुठं?”

“पल्याडच्या वाडीत, वड्याच्या वर.”

गाडी तिथवर जात नव्हती. सिस्टर पिशवी आवरेपर्यंत नॅथन ओढ्याच्या चढाला लागले होते.