कानवाल्यांची कूपे

त्यांना सगळे कानवाले म्हणत. खरं नाव घराच्या कागदपत्रांत असेल तेवढंच. चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली, पण मशीनला हात लावायच्या आधी ते नेहमी ऐकत. गिऱ्हाइकाने पायाने मशीन चालवायचं आणि यांनी मान जराशी कलती करून, डोळे मिटून उभं राहायचं. मग सांगत, "शटल घासतंय," नाहीतर, "याला काही झालेलं नाही, तुम्हीच तेल घालत नाही." आणि उघडून बघावं तर तेच निघायचं. एकदा तर फोनवरून आवाज ऐकून त्यांनी सांगितलं होतं की सुई उलटी बसवली आहे. फोनवरून असलं काही कळतं का, तुम्हीच सांगा. पण त्यांना कळलं होतं.

त्यांची बायको शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश हा तिचा मोठा धंदा, आणि गणवेशांचे गठ्ठे पोचवायला ती स्वतः व्हॅन चालवायची. लग्नाआधी एका महिन्यात तिने आपलं मशीन तीन वेळा त्यांच्या दुकानात आणलं होतं. तिसऱ्या वेळी त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "मशीन ठणठणीत आहे. तुम्हाला काय होतंय ते सांगा." ही गोष्ट ती अजून कुणाला सांगू देत नाही, म्हणून मी सांगतोय.

गाडीचं खूळ त्यांच्या डोक्यात पन्नाशी उलटल्यावर शिरलं. एका डॉक्टरांच्या विधवेकडे मशीन बघायला गेले होते. गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं, आणि ताडपत्रीच्या एका फाटक्या कोपऱ्यातून मागे उतरत गेलेलं छप्पर दिसत होतं. दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कूपे. एकोणीस वर्षं जागची हललेली नव्हती. कानवाले मशीन विसरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नेताय का? मला जागा तरी मोकळी होईल." त्यांनी नेली. घरी आली तेव्हा गाडीच्या तळाला एवढा गंज होता की आत बसून खालची फरशी दिसायची.

पुढची नऊ वर्षं घरात दुसरा विषय नव्हता. प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर बिस्किटांच्या डब्यात, आणि डब्यावर त्यांच्या किरट्या अक्षरात चिठ्ठी. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं रॉकेलमध्ये भाग बुडवायला गेलं ते गेलंच. सीटची कव्हरं बायकोने शिवायची हे त्यांनी न विचारताच ठरवून टाकलं होतं. तिने शिवलीही. मग त्यांना कुठूनसा एक जुना फोटो मिळाला. भिंग घेऊन त्यांनी तासभर तो पाहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "अगं, मूळच्या सीटवर दहा पट्ट्या आहेत. आपल्या अकरा झाल्यात." तिने सगळं उसवलं. उसवताना तिने त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण नंतर शिवल्या त्या दहाच.

दोन वर्षांपूर्वी गाडी रस्त्यावर आली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोघं तलावापर्यंत जाऊन येत. चालवायचे तेच. दुसऱ्या कुणाला, अगदी पोटच्या लेकीलाही, त्यांनी कधी चावी दिली नाही. ते उजवीकडे स्टिअरिंगवर, ती त्यांच्या डाव्या बाजूला. आठवडाभर ती मशीनवर वाकलेली असायची, त्यामुळे बोलायचं सगळं रविवारपर्यंत साठायचं. पहिलं वर्ष फार छान गेलं. ती बोलायची, ते मध्येच तिला खोडून काढायचे, भांडण व्हायचं, मग तलाव यायचा.

दुसऱ्या वर्षी काहीतरी बिनसलं. एकतर गाडी बिघडली. चालताना ठीक, पण उभी केली की इंजिन थडथडायचं, कधी बंदच पडायचं. आणि कानवाले गप्प झाले. ती बोलत राहायची, ते समोर रस्त्याकडे बघत राहायचे. हं नाही की हूं नाही. दहा वेळा बोलून एकदाही उत्तर आलं नाही तर माणूस किती दिवस बोलेल? हळूहळू तीही गप्प झाली. तिला वाटलं, हा माणूस आता गाडीशीच बोलतो, आपली गरज संपली. तिने हे कुणाला सांगितलं नाही, पण मनाला फार लागलं होतं.

आता त्या बिघाडाचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं होतं. या गाडीला दोन कार्ब्युरेटर. एक पुढे, एक मागे. दोघांनी इंजिनसाठी सारखीच हवा ओढायची. एक जास्त ओढायला लागला की इंजिन थडथडतं. ते सारखं करायला कानवाल्यांकडे हातभर रबरी नळी होती. एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाला. हवा आत जाताना सूंऽऽ असा आवाज येतो. दोन्हीकडचा आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. यासाठी हवा मोजायचं काट्याचं गेज मिळतं. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला दोनदा म्हणालाही, "काका, माझं घेऊन जा, पाच मिनिटांचं काम आहे." यावर कानवाले म्हणाले, "मग मला लोक कानवाले कशाला म्हणतात?" झालं. विषय संपला.

त्या वर्षात त्यांनी कार्ब्युरेटर आठ वेळा उघडले. गॅस्केटं बदलली, जेट बदलले, स्क्रू नवे बसवले. दर वेळी नळीने आवाज जुळवायचे, अगदी तंतोतंत, आणि दर वेळी इंजिन आधीपेक्षा जास्त थडथडायचं. एके दिवशी जेवताना त्यांनी ताटातून मान वर न करता सांगितलं, "गाडी देऊन टाकतो. तो दातांचा डॉक्टर दोनदा विचारून गेलाय. रविवारी दहा वाजता येतोय." मग म्हणाले, "मला आता जमत नाही."

तिला आधी बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं? गेली एकदाची गाडी, तर नवरा तरी परत मिळेल, असं तिच्या मनात आलं. पण "मला जमत नाही" हे शब्द तिने त्यांच्या तोंडून उभ्या जन्मात ऐकले नव्हते, आणि ते तिला रात्रंदिवस कुरतडत राहिले. ते दुकानातलं कामही टाळायला लागले होते.

शनिवारी दुपारी ते शेवटचं एकदा गाडी जुळवायला बसले. दुसऱ्याच्या हातात देताना तरी नीट असावी, म्हणाले. शेडमध्ये उजेड कमी, म्हणून ती दिवा धरून उभी राहिली. इंजिन चालू होतं. ते बॉनेटवर वाकले. पुढचा कार्ब्युरेटर त्यांच्या डाव्या हाताला येत होता. त्यांनी नळी डाव्या हाताने धरली, डाव्या कानाला लावली आणि ऐकलं. मग नळी उजव्या हातात घेतली, मागच्या कार्ब्युरेटरला लावली आणि दुसरं टोक उजव्या कानाला. परत पुढचा, डाव्या कानाने. परत मागचा, उजव्या कानाने. ते नेहमी असंच करत आले होते. वाकलेल्या माणसाला तेच सोयीचं पडतं.

ती बघत होती आणि तिला आपली टेप आठवली. काही वर्षांपूर्वी एका पूर्ण शाळेच्या गणवेशांच्या बाह्या अर्धा इंच आखूड झाल्या होत्या. तिने कापडवाल्याशी कडाक्याचं भांडण केलं, कापड आटलं म्हणून. कापडाला काही झालेलं नव्हतं. मापं घ्यायची गळ्यातल्या टेपने आणि कापायचं टेबलावरच्या टेपने, आणि गळ्यातली टेप ताणली गेली होती. जितक्या काळजीने ती कापत होती तितक्याच काळजीने चुकत होती.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि स्टुलावर बसून हात पुसायला लागले. ती त्यांच्या डाव्या बाजूला गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, "सोमवारी लेक येतेय." ते हात पुसत राहिले. ती स्टुलामागून त्यांच्या उजव्या बाजूला आली आणि त्याच आवाजात म्हणाली, "सोमवारी लेक येतेय."

"सोमवारी कशाला? काल फोनवर काही बोलली नाही ती," ते म्हणाले.

"नाही, येईल असं वाटलं आपलं."

"तुला काहीही वाटतं," असं म्हणून ते हात धुवायला घरात गेले.

ती गाडीत बसली, इंजिन चालू केलं आणि उतरून नळी घेऊन वाकली. दोन्ही कार्ब्युरेटर तिने आपल्या एकाच कानाने ऐकले. मागचा नीट कुजबुजत होता. पुढचा नुसता घोंघावत होता. डाव्या कानाला कमी ऐकू येतं, म्हणून ते पुढच्याची हवा वाढवत बसले होते, दोन्ही आवाज सारखे लागेपर्यंत. कान जसजसा जात होता, तसतशी हवा वाढत होती. वर्षभर ते आपला बहिरेपणा मोजून मापून इंजिनात भरत होते.

तिने इंजिन बंद केलं आणि अवजारांच्या पेटीवर बसून रडली. काय करावं कळेना. स्क्रू स्वतःच थोडा फिरवावा आणि गप्प बसावं? पुढच्या वेळी ते परत बिघडवतील. काहीच बोलू नये? मग उद्या गाडी जाईल, आणि आपल्या हातातलं कसब संपलं असं समजून हा माणूस उरलेलं आयुष्य खुर्चीत काढेल. आणि सांगावं तर काय सांगावं? ज्या माणसाला गाव कानवाले म्हणतं, त्याला सांगायचं की तुमचा कान गेला?

ते परत आले. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "कुणी चालू केली होती?"

"मी."

"का?"

"परत चालू करा. आणि पुढचा, मागचा, दोन्ही उजव्या कानानेच ऐका."

"का म्हणून?"

"ऐका म्हणते ना."

एवढ्या वर्षांच्या संसारात हा सूर कधी लागतो ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी इंजिन चालू केलं. मागचा ऐकला. मग अवघडून, मान पूर्ण वळवून पुढचा ऐकला, उजव्या कानाने. तसेच वाकलेले राहिले. हात आपोआप स्क्रूकडे गेला. अर्धा फेरा. परत ऐकलं. अजून पाव फेरा. इंजिनची थडथड विरत गेली, आणि मग ते इतकं संथ चालायला लागलं की बॉनेटच्या कडेवर ठेवलेला पाना हलायचा थांबला.

मग त्यांनी नळी डाव्या कानाला लावली. उजव्या. परत डाव्या. बराच वेळ ते तेच करत राहिले. ती दिवा धरून उभी होती. शेवटी त्यांनी इंजिन बंद केलं.

"कधीपासून असेल गं?"

"वर्ष तरी झालं असेल."

"तुला माहीत होतं?"

"आत्ता कळलं. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा."

ते स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. नळी बोटांना गुंडाळत म्हणाले, "गाडी बरी होती तर. मी उगाच तिला नावं ठेवत होतो." मग त्यांनी वर बघितलं. "रविवारी तू माझ्या डावीकडे बसतेस."

"हो."

"बोलत होतीस तू?"

"बोलायचे की," ती म्हणाली. "मग तुम्ही उत्तरच देईनात, म्हणून सोडून दिलं."

"मला वाटलं तू अबोला धरलास. नऊ वर्षं गाडीत घातली आणि शेवटी ही अशी ठसकते, म्हणून तू चिडलीस. म्हणून तर विकायला काढली मी." त्यांनी नळी खाली ठेवली. "बिघाडाचं काय, तो मी अजून दहा वर्षं शोधला असता."

रविवारी दहाच्या ठोक्याला दातांचा डॉक्टर आला. इंजिनचा आवाज ऐकून त्याचे डोळेच चमकले. तिला धास्ती होती की आता हे काहीतरी थाप मारतील, कागद सापडत नाहीत वगैरे. कानवाले सरळ म्हणाले, "डॉक्टर, माफ करा. गाडी द्यायची नाही. मी समजत होतो हिच्यात दोष आहे. दोष माझ्या डाव्या कानात निघाला. ऐकू येत नाही मला त्या बाजूने." एवढं मोठं ते इतक्या सहज बोलून गेले की डॉक्टरच गोंधळला. मग त्याने कानाच्या एका डॉक्टरचा नंबर लिहून दिला, सीटच्या शिवणीवरून हात फिरवून, "कव्हरं कुणी शिवली हो?" असं विचारलं आणि चहा पिऊन गेला.

तो गेल्यावर ती नेहमीसारखी डाव्या दाराकडे वळली, तर तिथे आधीच कानवाले बसलेले. पट्टाबिट्टा लावून, हात मांडीवर ठेवून.

"हे काय? चालवणार कोण?"

"तू. चावी लावलेली आहे."

"मी? या गाडीला तुम्ही मला हात लावू देत नाही."

"आजपासून तू. गिअर घाईने टाकू नकोस, दुसरा जरा अडतो."

ती उजवीकडे बसली. सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. व्हॅन इतकी वर्षं चालवली तरी आज तिने गिअर दोनदा चाचपून पाहिला. शेडमधून गाडी बाहेर निघाली, गल्ली संपली, मोठा रस्ता लागला. कानवाल्यांनी पाठ थोडी तिरकी केली आणि उजवा कान तिच्याकडे केला.

"हं, बोल आता," ते म्हणाले. "वर्षभराचं राहिलंय."

वर्षभराचं मनात होतंच, पण आता बोलायची वेळ आली तर तिच्या तोंडून शब्द फुटेना. ती नुसती रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली.

"काय म्हणालीस?" त्यांनी घाबरून विचारलं.

"अहो, अजून काही म्हणालेच नाहीये मी."

"बरं बरं," ते म्हणाले. "सावकाश बोल. मी ऐकतोय."