एक्कावन्न टक्क्यांची खुंटी

१९ एप्रिल. उद्या सकाळी टँकर येणार असा निरोप गल्लीत फिरला, म्हणून अंगणातला ड्रम उपडा करून घासायला घेतला. लातूरच्या आमच्या अंगणाला उतार आहे. ड्रम कलू नये म्हणून त्याच्याखाली एक लाकडी खुंटी सारलेली असते. ती बाजूला काढली, तेवढ्यात नांदेडहून फोन आला. खुंटी आणि फोन, दोन्ही एकाच माणसाचे.

या माणसाच्या ओळखीतल्या कुणालाही स्वतःची काळजी करावी लागत नाही. ते काम त्याने आधीच उरकलेलं असतं. तीसेक वर्षांपूर्वी नांदेडला एम.एस्सी.च्या भूशास्त्राच्या वर्गात त्याचा रोल नंबर माझ्या पुढचा होता. प्रॅक्टिकलच्या जोड्या रोल नंबरप्रमाणे पडत, त्यामुळे दोन वर्षं तो माझ्या वाट्याला आला. मुखेडकडचा, ताडासारखा उंच, आणि वर्गात शिरताना दार आपल्याच अंगावर पडेल अशा भीतीने वाकून शिरणारा. दगड ओळखताना तो जिभेने चाटून बघायचा. चिकणमाती जिभेला चिकटते, हे पुस्तकात होतं. आम्ही वाचून सोडून दिलं, त्याने मनावर घेतलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी त्याच्या हातात काळाकुट्ट दगड दिला. याने हातोडीने टिचकी मारली, भिंगातून पाहिलं, चाटलं आणि म्हणाला, "बेसॉल्ट सर. बहुतेक."

सर वैतागले. "बहुतेक काय? अख्ख्या मराठवाड्यात दुसरं आहे काय?"

"कुणी बाहेरून आणून ठेवला आसला तर, सर?"

सरांनी तो खरंच बाहेरून आणला होता की नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यांनी घाम पुसला हे मी पाहिलं.

दुसऱ्या वर्षी प्रकल्पाला आम्हांला अहमदपूरजवळचं एक गाव मिळालं. योगायोगाने ते माझ्या मावशीचं गाव. दुष्काळाचं वर्ष होतं आणि लातूर जिल्हा नवा होता. कचेरीतल्या छापील कागदांवर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव, तेच खोडून कारकून वर नवं लिहायचे. माझ्या जोडीदाराला आठवडाभर याच विषयाने झोप नव्हती. जर्नलमध्ये जिल्हा कोणता लिहायचा? शेवटी त्याने दोन्ही लिहिले आणि खाली टीप दिली, "खडक दोन्हींकडे तोच."

काम मात्र थट्टेचं नव्हतं. नव्या जिल्ह्याच्या यादीत त्या गावाला एकच बोअर मंजूर झालं होतं. बोअरची गाडी ठरलेल्या दिवशी येणार, एक भोक पाडणार आणि पुढच्या गावाला जाणार. जागा आम्ही दाखवायची. पद्धत अशी: चार सळ्या एका ओळीत जमिनीत ठोकायच्या, कडेच्या दोहोंतून वीज सोडायची आणि मधल्या दोहोंवर मोजायचं. जिथे खडक विजेला कमी अडवतो, तिथे खाली ओल असण्याचा संभव. पण सुकलेल्या जमिनीत सळी नुसती ठोकून भागत नाही, तिच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागतं.

दुष्काळात गावाचं पाणी मातीत कसं ओतायचं, या विचाराने त्याचं अन्न तुटलं. उपाय त्याने मला न विचारता केला. चार दिवस हॉस्टेलवर अंघोळ केली नाही, ते पाणी कॅनमध्ये साठवलं आणि एसटीतून मांडीवर घेऊन आला. मी खिडकीपाशी बसले आणि अहमदपूर येईपर्यंत तोंड बाहेर काढून होते.

माळावर सळ्यांच्या बुडाशी त्याने पाणी ओतायला घेतलं, तशी मावशी कमरेवर हात ठेवून पुढे आली. "पाणी हुडकायला पाणीच सांडून राहिला व्हय रे, लेकरा?"

"मावशी, गावचं न्हाई हे. नांदेडचं हाय. माझ्या चार अंघोळीचं."

"तरीच म्हणलं, वास कशाचा येऊन राहिला!"

बायका हसल्या, तोही हसला, आणि लगेच हसण्यामुळे रीडिंग चुकलं असेल म्हणून ते पुन्हा घेतलं. तीन दिवस उन्हात असंच चाललं. शेवटी दोन जागा उरल्या. त्याने बाभळीच्या दोन खुंट्या केल्या, डोकी लाल रंगवली, आकडे कोरले. एक नंबरची खुंटी ठोकली सरपंचांच्या मळ्यात, काटेरी तारेच्या आत. दोन नंबरची ठोकली बुद्धविहार आणि शाळेच्या मधल्या मोकळ्या माळावर.

"फरक किती आहे?" मी विचारलं.

"एक नंबर एक्कावन्न टक्के, ताई. दोन नंबर एकोणपन्नास."

"म्हणजे सारख्याच."

"सारख्या कशा? दोन टक्के हायेत की!"

मावशीचं घर विहाराच्या मागे. मळ्यातल्या विहिरीला पाणी होतं तेव्हा आमच्या वस्तीतल्या बायका कुंपणाबाहेर कळश्या ठेवून उभ्या राहत. आतल्या कुणाच्या मनात आलं तर वरून ओतलं जाई. हे मी लहानपणी सुट्टीत पाहिलेलं होतं. त्याला सांगितलं असतं, तर तो हळहळला असता आणि रात्रभर विचार करून दोन टक्क्यांपाशीच परत आला असता. शिवाय त्याला खोटं बोलता येत नाही. सगळं जर्नलमध्ये लिहून मोकळा झाला असता. 

दुसऱ्या दिवशी उजाडताच मावशीचं खुरपं घेतलं, तारेखालून आत शिरले आणि एक नंबरची खुंटी काढून पिशवीत लपवली. खड्डा बुजवून वर ढेकूळ ठेवलं.

गाडी आली. मळ्यात खुंटी नव्हती. माझा जोडीदार गुडघ्यांवर रांगत शोधायला लागला. सरपंच ओरडत होते, "आरं, बोटानं दाखिव की जागा!" पण अंदाजाने बोट दाखवेल तर तो तो कसला! "मोजून सांगतो, अंदाजे न्हाई सांगणार," म्हणत त्याने टेप सोडली. घाईत तिचा गुंता झाला. गाडीवाल्याने घड्याळ पाहिलं. "साहेब, मला दुपारी दुसरं गाव हाय. माळावर एक खुंटी दिसून राहिली, तिथं लावतो."

दुपारपर्यंत नुसती राखेसारखी धूळ उडत होती. मी भोकाकडे एकटक बघत उभी होते. भोक कोरडं गेलं असतं, तर अख्ख्या गावाचं पाणी मी एकटीने घालवलं असतं. तो माझ्या शेजारी उभा राहून मला धीर देत होता! "ताई, तुम्ही कशाला घाबरताव? चूक झाली तर माझी हाय. खुंटी म्या ठोकली व्हती."

चारच्या सुमाराला धूळ ओली झाली. मग पाणी आलं. फार नव्हतं, हातपंपाची कळशी भरेपर्यंत दम लागायचा. पण माळ कुणाच्या मालकीचा नव्हता. पहिल्या दिवशी भांडणं झाली, आठवड्याने रांग लागली. मावशी त्या रांगेत स्वतःच्या हाताने दांडा मारायची.

तो पुढे नांदेडलाच भूशास्त्र शिकवायला लागला. त्याचे विद्यार्थी प्रत्येक खुंटीवर अकरा घाव घालतात, मोठ्याने मोजून. घरात तो कॅलेंडरच्या खिळ्यालाही अकरा घालतो. बायकोने भिंतीला गिलावा करणं सोडून दिलं आहे. कारण विचारलं तर सांगतो, "एकदा खुंटी सातच घाव घालून ढिली ठोकली व्हती. शेळीनं उपटली आसंल. एक नंबरला जास्त पाणी लागलं आसतं." गेली तीस वर्षं हे मी दर भेटीत ऐकते आणि चहाचा कप पुढे सरकवते. त्या सकाळचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. अकरा घावांचं मात्र वाटतं.

तर तो फोन असा होता.

"ताई, बुधवारी बायपास हाय."

"बरं. डॉक्टर काय म्हणाले?"

"बहुतेक सगळे बरे होतेत म्हणले. बहुतेक म्हणले, ताई!"

मी हसले. तो हसला नाही. म्हणाला, "त्याचं काय न्हाई. पण पडल्या पडल्या ती खुंटीच डोक्यात येऊन राहिली. अजून चार घाव घालायला पाहिजे व्हते मी."

"जेवलात का?" मी विचारलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टँकर आला. ड्रमखाली विटेचा तुकडा सारला, ड्रम भरून घेतला, वर झाकण ठेवलं. खुंटी धुतली. लाल रंग गेलेला होता, एकचा आकडा दिसत होता. ती पिशवीत घातली आणि नांदेडची एसटी पकडली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पिशवी वर ठेवा." मी मांडीवरच ठेवली. नांदेडला पोचून त्याला सांगायचं होतं ते एवढंच: खुंटी पक्की होती, उपटायला मला खुरपं लागलं.