सहावा खांब

गोडादऱ्यात राहणारा हेमराज बागूल हजिऱ्याकडच्या एका जेटीखाली पाणबुड्याचं काम करतो. तिथलं पाणी इतकं गढूळ, की बत्तीचा उपयोग नाही. तो चाचपत खांबांवरचे शिंपले खरवडतो आणि झालेल्या खांबाला दोरी बांधतो.

मार्चमध्ये सहाव्या खांबापाशी हाताला गुळगुळीत लागलं. हा झालाय, दोरी बांधायची राहिली, असं समजून त्यानं तो कवेत घेतला. तळव्याखाली काहीतरी उघडलं आणि सावकाश मिटलं.

कमरेचा दोर तीनदा ओढला की वर घेतात. पण काम अर्धं टाकणाऱ्याला मुकादम पुन्हा बोलावत नाही. हेमराज दोर न ओढता मागे सरला आणि वेळ झाल्यावरच वर आला.

"सहाही झाले?" दोर धरणाऱ्या बाबुरावनं विचारलं.

"झाले."

"मग थरथरतोस का? खाली सासरा भेटला?"

"गोब्रा मासा. माझ्यापेक्षा लांब. त्याचा कल्ला हाताखाली होता."

"मुकादमाला बोलू नको, भाऊ. घाबरला म्हणून काढेल."

दुसऱ्या दिवशी, तपासणीआधी, हेमराज राहिलेला खांब उरकायला उतरला. पाच दोऱ्या हाताला लागल्या. सहाव्यावर धारदार शिंपले होते. त्याला हायसं वाटलं. त्यानं खरवडायला घेतलं, तेव्हा पाठीला काहीतरी गुळगुळीत टेकलं आणि काम संपेपर्यंत टेकूनच राहिलं.