मुठीचं मडकं

राहेलबाईच्या पदराला कायम एक गाठ असायची. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, गूळ बांधलाय. मी तीन दिवसांची उपाशी, काखेत दीड वर्षाची पोर, आणि माझी नजर काही त्या गाठीवरून हलेना. तिनं ते ओळखलं. पदर माझ्या हातात दिला.

"दाबी देख. तठे काहीच नई शे. वचन बांधेल शे."

मग आत जाऊन भाकरी आणली, पाण्यात कुस्करली आणि माझं नाव विचारायच्या आधी पोरीच्या तोंडात घातली.

मी प्रकाशा गावाच्या अलीकडची, तापीकाठची. नवरा तापानं गेला. महिन्याच्या आत दिराचा बैल मेला. सासरच्यांनी भगताला विचारलं, त्यानं दाणे टाकून पाहिले आणि माझं नाव घेतलं. डाकीण म्हणून मला गावाबाहेर काढलं. कपाळावर दगड लागला त्याची खूण अजून आहे. चालत चालत खांडबाऱ्याच्या बाजाराला आले, तिथं एका बाईनं सांगितलं, पलीकडच्या गावात मिशनचं आवार आहे, तिथं जा.

राहेलबाई तिथली बायबलबाई. म्हणजे गावोगाव पायी फिरायचं, बायांना शास्त्र वाचून दाखवायचं, त्याबद्दल मिशन पोटापुरतं धान्य द्यायचं. ती नंदुरबारकडची, विधवा, मूलबाळ नाही. तिनं मला आपल्याच खोलीत ठेवून घेतलं. मी तिला मावशी म्हणायला लागले.

आवारातल्या बाकी बाया अध्यायच्या अध्याय घडाघडा म्हणायच्या. मावशी एका वेळी एकच वचन घ्यायची. पदराला गाठ मारायची, आणि ते वागण्यात उतरल्याशिवाय गाठ सोडायची नाही, दुसरं घ्यायची नाही. "पोपट बी बोलस," म्हणायची. "बोलीसन तो काय देवना व्हस का?" एक वचन दोन दोन महिने चालायचं. विहिरीवर बाया चिडवायच्या, "राहेल, तुन्हं वचन अजून शिजनं नई का वो?" ती म्हणायची, "नई वो. हाडूक शे. वखत लागस."

राग धरून दिवस मावळू देऊ नये, असं वचन चाललं होतं तेव्हाची गोष्ट. शेजारणीशी कोंबडीवरून तिचं कडाक्याचं भांडण झालं. सगळा दिवस गेला. दिवस टेकडीला टेकला तशी ही उठली आणि पळत तिच्या दारात गेली.

"माले माफ कर वो!"

"सकाय दखसूत. मी पीठ मयी ऱ्हायनू."

"पीठ राहू दे! दिन बुडी ऱ्हायना! पटकन म्हन!"

शेजारीण पिठाच्या हातानं हसत सुटली. माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण मावशीनं येऊन गाठ सोडली.

मग तिनं घेतलं होय-नाहीचं वचन. आपलं होय ते होयच असावं, नाही ते नाहीच असावं, मध्ये काही मिसळू नये. खांडबाऱ्याच्या बाजारात ती म्हातारी कोंबडी विकायला घेऊन बसली. गिऱ्हाईक म्हणालं, "अंडा देस का?" ही म्हणाली, "नई देस. मटन बी चिवट शे." कोंबडी परत घरी आली. मी वाटेनं हसत होते. तिला काही हसू आलं नाही. म्हणाली, "हाई वचन सोपं वाटस. पन माले वाटस हाईच माले मारी."

आमच्यात मुठीची रीत होती. रोज चूल पेटवायच्या आधी शिजायच्या धान्यातली एक मूठ बाजूला काढायची. रविवारी प्रत्येक घरानं आपली गाडगी आणून मिशनच्या देवळातल्या मोठ्या मडक्यात रिकामी करायची. मडक्याच्या तोंडाला फडकं, त्यावर सुतळी. ते धान्य देवाचं. कोणाला कधी द्यायचं ते पंच ठरवायचे, मध्ये कोणी हात लावायचा नाही.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. भादव्यातच शेतं पांढरी पडली. मिशनचं धान्य अर्ध्यावर आलं. आम्ही कडू कंद उकळून, पाणी चार वेळा टाकून खायचो. तरी मावशी मूठ काढायची. माझ्या पोरीचे पाय सुजले. रडायची ती रडायची थांबली. पोर रडायची थांबली की काय होतं, ते मी गावात पाहिलं होतं.

एका दुपारी सगळ्या बाया पाण्याला नदीतल्या झिऱ्यावर गेल्या. मी देवळात गेले, सुतळी सोडली, ओटीत ज्वारी घेतली, पुन्हा बांधली. असं पाच दुपारी केलं. पेज करून पोरीला पाजली. मावशी त्या दिवसांत सकाळी गावोगाव जायची आणि रात्री परतायची. पोरीला आवाज आला. तिच्यासाठी घेतलं त्याची मला आजही लाज नाही. लाज पुढची आहे.

रविवारी सुतळी गाठीसकट सरकवून फडकं काढलं, तर मडकं निम्म्याच्या खाली निघालं. आवारात तेव्हा सोमी नावाची एक बाई नवी आली होती. काठी गावाकडची, डोंगरातली, पोटुशी, तिची बोली आम्हाला नीट कळायची नाही. एक पंच म्हणाला, "हाई डोंगरनी बाई उनी आनि मडकं उतरनं. इले आजच काढा." सोमी नुसती हात हलवत होती. त्या वर्षी बाहेर काढणं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं.

मावशी मडक्यापाशी बसली होती. तिनं सुतळी हातात घेतली. मी डावरी. माझी गाठ उलटी पडते. लाकडाची मोळी बांधताना ती कितीदा मला त्यावरून हसली होती. तिनं गाठ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं, काखेतल्या पोरीकडे पाहिलं. बोटांनी ती गाठ सोडून टाकली आणि उभी राहिली.

"तिनी नई लिधं. मी खादं."

देवळाचे पाळकसाहेब म्हणाले, "राहेलबाई, विचार करून बोला."

"होय. मी खादं."

मी पोरीला काखेत घट्ट धरलं. उठले नाही.

खोलीवर आल्यावर मी तिचे पाय धरले. "मावशी, तू कसाले बोलनी?" ती म्हणाली, "तिना पोटम्हा लेकरू शे. तुन्हा काखम्हा शे. मन्हं कोन शे?" मग पदराची गाठ चाचपत म्हणाली, "पन मी खोटं बोलनू. ते मन्हं. तुन्हं तुले बोलनं पडी. मी नई सांगाव."

तिचं बायबलबाईचं काम गेलं. प्रभुभोजन, म्हणजे देवळात सगळ्यांना मिळणारा प्रभूच्या भाकरीचा आणि पेल्याचा वाटा, बंद झालं. नियम असा होता की सगळ्यांसमोर चोरीचा पस्तावा सांगितला की भोजन पुन्हा मिळायचं. सहा महिन्यांनी पाळकसाहेबांनी विचारलं, पस्तावा झाला का? ती गप्प राहिली. पुढच्या वर्षी विचारलं, गप्पच. लोक म्हणायला लागले, म्हातारी अडेल आहे. मी तिला हातापाया पडून म्हटलं, नुसतं होय म्हण. ती म्हणाली, "एक डाव खोटं बोलनू. जे करंच नई त्याना पस्तावा व्हयना म्हनसू, ते दुसरं खोटं व्हई."

सडकेवर खडी फोडायला जायची. बोटं फुटायची, त्याला तेल लावायची आणि सकाळी परत जायची. रविवारी देवळात मागच्या भिंतीला बसायची. भाकरी आणि पेला फिरत फिरत तिच्यापर्यंत यायचा आणि तिला सोडून माझ्याकडे यायचा. मी घ्यायचे. हे सात वर्षं चाललं. माझी पोर मिशनच्या शाळेत होती, मला राहायला खोली होती. मला दुसऱ्यांदा कुठल्या गावाबाहेर निघायचं नव्हतं. उद्या सांगू, दिवाळी झाल्यावर सांगू, पोरगी जरा मोठी झाल्यावर सांगू.

मग तिला हिवताप धरला. आठव्या दिवशी पाळकसाहेब प्रभुभोजनाचं ताट झाकून घेऊन आले. मी उशाशी पाण्याची वाटी धरून बसले होते. ते भले माणूस होते. "राहेलबाई, चोरीचा पस्तावा झाला असेल तर एकदा होय म्हणा. एवढंच."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रविवारी भाकरी माझ्याकडे सरकायची तेव्हा पाहायची, तसंच. मी तोंड उघडलं. मग वाटीच तिच्या ओठांना लावली.

"नई," ती म्हणाली.

पाळकसाहेबांनी ताटावर परत फडकं टाकलं. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ती गेली.

तिला अंघोळ मी घातली. लुगड्याच्या पदराला होय-नाहीची गाठ होती, सात वर्षांची, मळून दगडासारखी झालेली. बाया म्हणाल्या, सोड. मी सोडली नाही. तशीच ती मातीत गेली.

पुढच्या रविवारी मी देवळात उभी राहिले आणि सांगितलं. सोमी तिच्या पोराला घेऊन समोरच बसली होती. पाळकसाहेबांनी विचारलं, "हे खरं आहे?"

"होय," मी म्हटलं.

बोलायला श्वासाएवढाही वेळ लागला नाही. मला कोणी आवाराबाहेर काढलं नाही. एका वर्षासाठी भोजन बंद केलं, तेवढंच. तिला सात वर्षं, मला एक. आणि ज्याला मी एवढी भ्यायले, ते काही झालंच नाही.

होय-नाहीचं वचन मला तोंडपाठ होतं. सातही वर्षं तोंडपाठ होतं. आता ते माझ्या पदराला आहे. गाठ उलटी पडली आहे, आणि मी दुसरं वचन घेतलेलं नाही.