माळ्याहून उंच

“पूर माळ्यापर्यंत कधी आलाय का? सांग ना, कधी आलाय?” रोस्दी तिसऱ्यांदा म्हणाला.

“पूर नाही आला, अबांग. ऊन आलं.” झावियाने मेलेली हार्ड डिस्क जेवणाच्या टेबलावर, बुडूच्या, म्हणजे मासळीच्या चटणीच्या वाटीशेजारी नवऱ्यापुढे ठेवली. “वर्षभर पत्र्याखाली भाजलंत तिला. मासासुद्धा एवढा वेळ कुणी भाजत नाही.”

मोलाचं ते उंच ठेवायचं, हे मलेशियातल्या कोटा भारूकडच्या त्या गावात चालायला लागण्याआधीच पोरं शिकतात. वर्षअखेरीचं पाणी चढू लागलं की तांदूळ, गाद्या, कागदपत्रं सगळं माळ्यावर जातं. रोस्दीने सर्व्हरचा बॅकअपही तिथेच ठेवला होता. आज जिन्याखालचा सर्व्हर वर न्यायचा म्हणून घर गोळा झालं, सहज डिस्क लावून पाहिली, तर आतून नुसती टकटक.

झाविया म्हणजे गावची मक अंदाम, नवरी सजवणारी. तिने सजवलेल्या प्रत्येक नवरीचे फोटो त्या सर्व्हरवर होते. पूर ओसरला की लगदा झालेला आल्बम पोटाशी धरून बायका तिच्या दारात येऊन ताईला मारावी तशी हाक मारायच्या. “कक वी, माझं लग्न आहे का गं तुझ्याकडे?” आजवर तिने एकीलाही रिकाम्या हाताने पाठवलं नव्हतं. आता त्या सगळ्या लग्नांची घरात एकच प्रत उरली होती, आणि नदी चढत होती.

“मक, काळजी कशाला?” क्वालालंपूरहून आलेला जावई फिक्री सासूला म्हणाला. “रायाच्या सणाला, ईदला, मी ऑनलाइन लावून दिलंय ना. इथलं सगळं आपोआप तिथे जातं.”

“ऑनलाइनच ठेवायचं तर मी शोधलेलं घ्या,” रोस्दी म्हणाला. “एकदा पैसे भरा, वर्षभर हवं तेवढं ठेवा.”

“ते एका कॉम्प्युटरपुरतं आहे. सर्व्हर घेत नाहीत ते, मी विचारलंय.” झावियाने हात पुसले. “बरं, भांडायचं कशाला? अबांग, आपलं लग्न काढा बघू.”

रोस्दीने लॅपटॉप पुढे ओढला. सर्व्हरवर त्यांच्या लग्नाचा फोल्डरच नव्हता. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“आपलं लग्न कुठे गेलं?”

“थांबा, अयाह.” फिक्रीने ऐटीत फोन काढला. त्याच्या ऑनलाइन जागेतही लग्न नव्हतं. त्याने तिथली कचरापेटी उघडली. तीही रिकामी. त्याची ऐट उतरली.

“मी पुसलं,” झाविया म्हणाली. “रायानंतर दोन महिन्यांनी, परत मिळतं का बघायला. लोकांच्या लग्नाशी खेळ नको, म्हणून आपलं.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुम्हाला आठवण आली की सांगणार होते.”

मुलगी हनिसा हसू दाबत भाताच्या भांड्याकडे वळली.

“कचऱ्यात महिनाभर राहतं, मक,” फिक्री पुटपुटला. “तेवढ्यात बघायला हवं होतं.”

“अरे, तुझा तो आरसा आहे. मी लिपस्टिक पुसली की आरशातलीही जाते. आणि माझ्या बायका महिन्याभरात येत नाहीत, वीस वर्षांनी येतात.”

तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. जावई गेल्यावर तिने एकटीने ऑनलाइन जागा देणाऱ्या बऱ्याच जणांना पत्रं धाडली होती, आणि प्रत्येकाला एकच विचारलं होतं: शेजारी दिलेला डबा उशिरा मागितला तरी परत मिळतो का? बहुतेकांनी गोडगोड उत्तरं दिली. एकानेच सरळ लिहिलं, की तुम्ही पुसलेलंही, तुम्ही टाका म्हणेपर्यंत आम्ही टाकत नाही. त्याच्याकडे सगळं चढवायला आठवडेच्या आठवडे लागले. त्या दिवसांत नेट मंदावून फुटबॉलची मॅच सारखी अडकायची आणि रोस्दी शेजारच्या पोरांच्या नावाने बोटं मोडायचा.

झावियाने पासवर्ड घातला, पुसण्याच्या आदल्या दिवसाची तारीख निवडली आणि बटण दाबलं. कुणी जेवेना. पट्टी गोगलगायीसारखी सरकत गेली, आणि मग एकेक फोटो उतरू लागला. सोनेरी जरीच्या सोंगकेत पोशाखातला, मिशी फुटू पाहणारा रोस्दी. शेजारी झाविया, स्वतःच्या हाताने सजलेली. मग वऱ्हाड, मांडव, भाताचे डोंगर. एकही फोटो कमी नव्हता.

“किती बारीक होतो गं मी,” रोस्दी हळूच म्हणाला.

“भुवया माझ्या जरा जाडच झाल्या होत्या,” असं म्हणून झाविया उठली. नवरीला बोहल्यावर नेताना चालायची, तशी ताठ.

“हीच सेवा ठेवायची,” ती म्हणाली. “पासवर्ड मला आणि हनिसाला पाठ राहील. दर रायाला आपलं लग्न पुसायचं आणि परत आणून बघायचं. माळ्यावर तांदूळ न्या.”